मातीचे पर्यावरणीय नमुने आणि त्यांच्या तपासणीची गुणवत्ता : कोल्हापूर जिल्ह्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाउंड्रीच्या कुंपणालगतचं रान, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस कारखान्यांच्या नाल्याकाठची जमीन, महापुराचा गाळ बसलेलं पंचगंगेकाठचं शिवार, चांदी गाळण्याच्या जागेमागचं परडं. अशा ठिकाणची माती तपासायची म्हटलं की पहिला फोन प्रयोगशाळेला जातो आणि पहिला प्रश्न दराचा असतो. पण निकाल भरवशाचा असणार की नाही, हे बहुतेक वेळा माती प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच ठरलेलं असतं. कोणती जागा निवडली, किती खोल खणलं, कुठल्या पिशवीत भरलं, नोंद काय ठेवली, यातली चूक कितीही महागडं यंत्र दुरुस्त करू शकत नाही. ग्रामपंचायती, शेतकरी, कारखान्यांतले पर्यावरण विभागाचे लोक आणि प्रकल्प करणारे विद्यार्थी यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

माझ्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. ती पुरत नाही का?

खताचा हिशेब बसवायला पुरते, प्रदूषण शोधायला नाही. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, तेल, फिनॉल, कीटकनाशकांचे अंश यांतलं काहीच त्या पत्रिकेत नसतं. तांबे आणि जस्त असतं, पण तेही पिकाला मिळू शकेल तेवढंच. मातीत ते एकूण किती आहे, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

नमुना घेण्याची पद्धतही वेगळी आहे. शेतीच्या नमुन्यात रानात नागमोडी फिरून बऱ्याच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेतात, माती एकत्र करतात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतात आणि शेवटी अर्धा किलो उरवतात. रानाची सरासरी काढायला ही पद्धत चांगली आहे. प्रदूषण मात्र बहुधा एका कोपऱ्यात असतं, आणि सरासरीत तो कोपराच दडून जातो.

नमुने घेण्याआधी काय ठरवावं?

तपासणीचा निकाल आल्यावर कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका वाक्यात लिहून काढा. “माती तपासायची आहे” एवढ्याने भागत नाही. “२०२१ च्या पुरात माझ्या रानावर बसलेल्या गाळात मूळ जमिनीपेक्षा धातू जास्त आहेत का?” हा प्रश्न झाला. “शाळेच्या मैदानावर भरावासाठी टाकलेल्या फाउंड्रीच्या काळ्या वाळूमुळे मुलांना धोका आहे का?” हाही झाला. पहिल्या प्रश्नाला गाळाचा थर आणि त्याखालची जमीन यांचे वेगवेगळे नमुने लागतात. दुसऱ्याला वरची दोन ते पाच सेंटिमीटर माती लागते, कारण मुलांच्या हाताला तीच लागते. प्रश्न बदलला की खोली बदलते, नमुन्यांची संख्या बदलते, घटक बदलतात आणि खर्चही बदलतो.

हे सगळं दोन पानांत लिहून ठेवा: नकाशा, ठिकाणं, खोली, घटक, कोणती पद्धत, किती डुप्लिकेट (त्याच जागचे दुसरे नमुने), नमुने कोण घेणार, कोण नेणार. शेतात उन्हात उभं राहून हे ठरवायला गेलं की जे सोयीचं असतं तेच घडतं, म्हणजे पाणंदीजवळचे चार नमुने.

एकरी किती नमुने पुरेसे असतात?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही, पण गणित करता येतं. समजा, कुठेतरी दहा मीटर व्यासाचा दूषित डाग आहे आणि तो कुठे आहे ते माहीत नाही. दर वीस मीटरवर एक नमुना अशी चौकोनी आखणी केली, तर एकरात साधारण दहा नमुने येतात. तेवढ्यात तो डाग सापडण्याची शक्यता फक्त वीस टक्क्यांच्या आसपास आहे. आखणी दहा मीटरची केली तर नमुने चाळीस होतात आणि शक्यता अठ्ठ्याहत्तर टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून “एकरात पाच नमुने घेतले, काही सापडलं नाही” या वाक्यावर निश्चिंत होऊ नये.

चाळीस नमुन्यांचा खर्च परवडत नसेल तर जागेचा इतिहास कामी येतो. ड्रम कुठे ठेवायचे, सांडपाण्याची चर कुठून जायची, राख कुठे ओतायचे, हे जुन्या कामगाराला आणि शेजारच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्या जागी नमुने दाट घ्या, बाकी ठिकाणी विरळ. ही माहिती कोणी दिली, कधी दिली, तेही नोंदवहीत लिहा.

दहा ठिकाणची माती मिसळून एकच नमुना पाठवला तर पैसे वाचतात. चालेल?

डाग शोधायचा असेल तर नाही. दहापैकी एका ठिकाणी शिसं ५०० मिलिग्रॅम प्रति किलो आणि उरलेल्या नऊ ठिकाणी २० असेल, तर मिसळलेल्या नमुन्यात आकडा येईल ६८. तो वाचून कोणाच्याही भुवया उंचावणार नाहीत.

एखाद्या ठरावीक तुकड्याची सरासरीच हवी असेल, उदाहरणार्थ मैदानाची किंवा एका वाफ्याची, तर मिसळण्यात गैर काही नाही. पण तेव्हा पाच-दहा चिमटींवर थांबू नये. किमान तीस ठिकाणांहून सारख्या आकाराची माती घ्यावी आणि हे सगळं काम वेगवेगळ्या ठिकाणांवरून आणखी दोनदा करावं. तीन स्वतंत्र नमुन्यांचे आकडे जवळपास आले तर सरासरीवर विश्वास ठेवता येतो. ते दूरदूर पडले, तर माती एकसारखी नाही असा त्याचा अर्थ. पेट्रोल, थिनर यांसारखे उडून जाणारे पदार्थ तपासायचे असतील तर मात्र मिसळणं पूर्ण वर्ज्य. मिसळता मिसळता ते हवेत जातात.

किती खोल खणायचं?

पडून बसलेली धूळ आणि राख यांसाठी वरचे पाच सेंटिमीटर, पिकाच्या मुळांसाठी शून्य ते पंधरा आणि पंधरा ते तीस, भराव असेल तर भरावाच्या तळापर्यंत आणि त्याखालच्या मूळ जमिनीचा एक. थर एकमेकांत मिसळू देऊ नका. खड्ड्याची भिंत खुरप्याने ताजी तासून घ्या आणि खालच्या थराची माती आधी काढा, म्हणजे वरची माती तिच्यावर पडत नाही.

शिरोळ-हातकणंगल्याच्या खोल काळ्या जमिनीत एक अडचण येते. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात आणि वरची माती त्या भेगांतून खोल पडते. एप्रिल-मे महिन्यात अशा भेगेतून घेतलेल्या “साठ सेंटिमीटर खोलीच्या” नमुन्यात वरचीच माती असू शकते. भेगेपासून बाजूला घ्या आणि भेगा होत्या अशी नोंद ठेवा. तिथे दूषित पदार्थ खोलवर सापडले तर ते पाण्याबरोबर झिरपून गेले की भेगेतून पडले, हा प्रश्न नंतर येणारच आहे.

तुलनेसाठी “स्वच्छ” माती कुठून घ्यायची?

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचं महत्त्व फार आहे, आणि याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

आपली जमीन बेसॉल्टच्या कातळातून तयार झाली आहे. त्या कातळात क्रोमियम, तांबे, निकेल, कोबाल्ट, व्हॅनेडियम मुळातच भरपूर असतं, त्यामुळे मातीतही ते येतं. कारखाना नसलेल्या, कोणी काही न टाकलेल्या मातीतसुद्धा हे आकडे मोठे दिसतात. आता कॅनडाच्या शेतजमिनीसाठीच्या मार्गदर्शक पातळ्या पाहा: तांबे ६३ आणि एकूण क्रोमियम ६४ मिलिग्रॅम प्रति किलो. हा तक्ता आपल्याकडच्या अहवालांत नेहमी वापरला जातो. बेसॉल्टवरची निर्मळ माती त्यात सहज नापास होऊ शकते. असा अहवाल घेऊन गावाने कारखान्यावर मोर्चा नेला आणि पुढे कोणी बांधापलीकडची माती तपासून तोच आकडा दाखवला, तर खरी तक्रारही खोटी ठरते. नुकसान गावाचंच होतं.

त्यातही जिल्हाभर माती एक नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे पावसाने धुऊन निघालेली तांबडी जांभ्याची माती आहे, तिच्यात लोह आणि क्रोमियम साठून राहतं. पूर्वेला खोल काळी जमीन आहे. नदीकाठी गाळाची पोयट्याची. शिरोलीतल्या जागेची तुलना पन्हाळ्याच्या तांबड्या मातीशी केली तर त्या तुलनेला अर्थ उरत नाही. मातीचा प्रकार तोच, खोली तीच, चाळणी तीच, प्रयोगशाळा आणि पद्धतही तीच, फक्त संशयित उगमापासून दूर, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या वरच्या बाजूला, असं ठिकाण शोधा. रस्ता, गोठा, वीटभट्टी, ट्रान्सफॉर्मर, जुना उकिरडा यांच्यापासून लांब. एकाच नमुन्यावर भागवू नका. किमान चार-पाच घ्या, म्हणजे नैसर्गिक चढउतार किती आहे हे दिसेल.

कोणती अवजारं वापरावीत?

स्टेनलेस स्टीलचं गिरमिट किंवा खुरपं, आणि आतली माती उचलायला प्लॅस्टिकचा चमचा. रंग दिलेलं फावडं नको, रंगात शिसं असू शकतं. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेलं जस्त तपासताना नको. स्टीलच्या अवजाराला टेकलेली कडेची माती प्लॅस्टिकच्या चमच्याने खरवडून टाकावी आणि मधली घ्यावी, कारण स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं.

दोन ठिकाणांच्या मध्ये अवजार धुतलंच पाहिजे: आधी ब्रशने माती काढा, मग साबणाचं पाणी, साधं पाणी आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी. धातूंचं काम असेल तर मध्ये सौम्य नायट्रिक आम्ल. हातमोजे प्रत्येक ठिकाणी नवे. आणि क्रम ठेवा: आधी तुलनेची स्वच्छ जागा, मग कमी संशयित, सर्वांत दूषित जागा सर्वांत शेवटी.

माती कशात भरायची? युरियाचं रिकामं पोतं धुऊन घेतलं तर?

नको. खताच्या पोत्यामुळे नत्र-स्फुरदाचे आकडे फुगतात, सिमेंटच्या पोत्यामुळे सामू चढतो, वर्तमानपत्राची शाई लागते. धातूंसाठी नवीन जाड प्लॅस्टिक पिशवी किंवा एचडीपीई (कडक प्लॅस्टिक) डबी चालते. तेल, कीटकनाशकं, फिनॉल यांसाठी रुंद तोंडाची काचेची बाटली हवी, तपकिरी असेल तर उत्तम, झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली. प्लॅस्टिकमधली रसायनं मातीत उतरतात आणि मातीतली रसायनं प्लॅस्टिक शोषून घेतं. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा, बहुतेक प्रयोगशाळा देतात.

नमुना किती दिवस टिकतो?

घटकावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या पद्धती आपल्याकडच्या प्रयोगशाळाही मोठ्या प्रमाणात वापरतात. त्यांनुसार बहुतेक धातूंना १८० दिवस, पाऱ्याला २८ दिवस, सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमियमचा विषारी प्रकार) मातीतून काढून घेण्यासाठी ३० दिवस. कीटकनाशकं आणि पीएएच (तेल, कोळसा जळताना तयार होणारी रसायनं) १४ दिवसांच्या आत मातीतून काढावी लागतात, त्यानंतर तो अर्क ४० दिवस चालतो. उडून जाणाऱ्या पदार्थांचा नमुना घेतल्या जागीच मिथेनॉलमध्ये टाकला तर १४ दिवस, नाहीतर हवाबंद नळीत ४८ तास. मुदत नमुना घेतल्या क्षणापासून मोजायची, प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून नव्हे.

कोल्हापुरातून नमुने पुण्या-मुंबईला पाठवताना काय सांभाळावं?

थर्माकोलची किंवा पाणी पिण्याच्या जारसारखी घट्ट झाकणाची पेटी, आत जेल पॅक, तापमान सहा अंशांच्या खाली. सुटा बर्फ टाळा. वितळला की पिशव्या पाण्यात तरंगतात आणि चिठ्ठ्या सुटतात. पेटीत पाण्याची एक छोटी बाटली ठेवा, प्रयोगशाळेने त्या पाण्याचं तापमान मोजून पावतीवर लिहावं असं सांगा. रात्रीच्या बसने पार्सल टाकत असाल तर पेटीला सही केलेली चिकटपट्टी लावा, म्हणजे वाटेत उघडली तर कळेल.

शुक्रवारी दुपारनंतर किंवा शनिवारी नमुने घेऊ नका. रविवारी पार्सल पोहोचतं, कोणी उचलत नाही, आणि सोमवारी पेटी उघडेपर्यंत आतलं सगळं कोमट झालेलं असतं.

चेन ऑफ कस्टडी म्हणजे नक्की काय?

नमुना कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात, किती तारखेला, किती वाजता गेला याची सह्यांसकट साखळी. एक पान पुरतं. साखळीत एक जरी सही सुटली तरी “मधल्या वेळात माती बदलली नाही कशावरून?” या प्रश्नाला उत्तर उरत नाही. ज्याला पुढे तक्रार करायची आहे त्याने हे पान जमिनीच्या उताऱ्याइतकं जपावं.

पावसाळ्यात नमुने घेतले तर?

उडून जाणारे पदार्थ आणि ताजा गाळ सोडला तर शक्यतो टाळा. घ्यावेच लागले तर दोन गोष्टी पाळा.

पहिली चिठ्ठीची. भिजलेल्या मातीत टाकलेली कागदी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी लगदा झालेली असते, शाईच्या पेनचे आकडे निळ्या डागात विरघळलेले असतात, आणि एकसारख्या सहा पिशव्यांतली कुठली कुठली हे कोणालाच सांगता येत नाही. पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या मार्करने लिहा. एक क्रमांक पिशवीवर थेट, एक चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत घालून, दुसऱ्या बाहेरच्या पिशवीच्या आत. क्रमांक झाकणावर लिहू नका, बाटलीवर लिहा, कारण झाकणांची अदलाबदल होते.

दुसरी ओलीची. अहवालातला आकडा कोरड्या वजनावर काढला आहे का, ते पाहा. नमुन्यात ३० टक्के ओल असेल आणि ओल्या वजनावर ७० आकडा आला, तर कोरड्या वजनावर तो १०० होतो. पावसाळ्यातल्या ओल्या आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीची तुलना करून “प्रदूषण वाढलं” असं सांगणारे अहवाल याच गफलतीतून निघू शकतात.

ब्लँक, डुप्लिकेट, स्पाइक हे शब्द अहवालात असतात. ते समजून घेण्याची गरज आहे का?

आहे, कारण निकालावर किती विसंबायचं ते तिथेच कळतं.

ब्लँक म्हणजे जिथे काहीच सापडायला नको असा नमुना. धुतलेल्या अवजारावरून डिस्टिल्ड पाणी ओतून ते बाटलीत भरायचं आणि तपासायला पाठवायचं. त्यात शिसं निघालं तर तुमचं धुणं नीट झालेलं नाही. प्रयोगशाळेचाही स्वतःचा ब्लँक असतो, मातीशिवाय फक्त आम्लं आणि भांडी सगळ्या प्रक्रियेतून नेलेला. त्यात काही सापडलं तर दोष प्रयोगशाळेतला.

डुप्लिकेट म्हणजे त्याच जागचा दुसरा नमुना, वेगळा क्रमांक देऊन, प्रयोगशाळेला न सांगता पाठवलेला. दर दहा ते वीस नमुन्यांमागे एक ठेवावा. दोन आकड्यांमधला फरक भागिले त्यांची सरासरी, गुणिले शंभर. एक ४२ आणि दुसरा ५८ आला, तर फरक १६, सरासरी ५०, म्हणजे ३२ टक्के. पाण्याच्या नमुन्यात एवढा फरक चालत नाही. माती मुळात एकजीव नसते, म्हणून शेतातल्या डुप्लिकेटला साधारण ३५ टक्क्यांपर्यंत, काही योजनांत ५० टक्क्यांपर्यंत, मुभा देतात. प्रयोगशाळेने एकाच नमुन्याचे दोन भाग करून तपासले तर मात्र फरक २० टक्क्यांच्या आत हवा. शेतातल्या जोडीत फरक मोठा आणि प्रयोगशाळेतल्या जोडीत छोटा असेल, तर यंत्राला दोष देऊ नका, शेतातले नमुने वाढवा.

स्पाइक म्हणजे तुमच्याच मातीत ठरावीक मात्रेत धातू मुद्दाम घालून तो पुरेसा परत मिळतो का हे पाहणं. धातूंसाठी ७५ ते १२५ टक्के परत मिळाला तर चालतं. चाळीसच टक्के मिळाला तर तुमच्या मातीतलं काहीतरी तो धरून ठेवतंय किंवा मोजण्यात अडथळा आणतंय, आणि मग मूळ नमुन्याचा आकडाही कमी आलेला असू शकतो. याखेरीज चांगली प्रयोगशाळा प्रमाणित संदर्भ मातीही प्रत्येक खेपेला लावते. तिच्यातलं प्रमाण आधीच ठाऊक असतं, त्यामुळे संपूर्ण पद्धतीची परीक्षा होते.

काही लोक खर्चाच्या भीतीने हे सगळं वगळतात. वीस नमुने आणि शून्य डुप्लिकेट यांपेक्षा सतरा नमुने, दोन डुप्लिकेट आणि एक ब्लँक हा सौदा कधीही चांगला.

प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त आहे, मग आणखी काय पाहायचं?

मान्यता कशाची आहे ते. एनएबीएल हे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकानुसार मान्यता देतं, पण ती सरसकट नसते. पदार्थ, घटक आणि पद्धत अशा प्रत्येक जोडीला वेगळी असते. पाण्यातल्या शिशाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे मातीतल्या शिशाची असेलच असं नाही. मान्यतेची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर उघड असते, त्यात “माती” आणि तुमचा घटक शोधा. मग प्रयोगशाळेला विचारा: प्रावीण्य चाचणीत (एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना देऊन घेतलेल्या परीक्षेत) या घटकाचा झेड स्कोअर, म्हणजे स्वीकृत आकड्यापासूनचं अंतर, किती होता? उणे दोन ते अधिक दोनच्या दरम्यान असेल तर ठीक. तीनच्या पलीकडे असेल तर त्यानंतर काय दुरुस्ती केली, ते विचारा. चांगले लोक या प्रश्नाने चिडत नाहीत.

एकच माती दोन प्रयोगशाळांत दिली, आकडे वेगळे आले. कोण खरं?

कदाचित दोघेही. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लात माती उकळली तर सिलिकेट खनिजांच्या आत अडकलेले धातू तसेच राहतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं तर तेही सुटतात. आपल्या बेसॉल्टी मातीत क्रोमियमच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. दोन्ही अहवालांवर “एकूण क्रोमियम” असंच लिहिलेलं असतं. म्हणून माती कशात विरघळवली ते वाचा, केवळ आयसीपी-ओईएस किंवा आयसीपी-एमएस हे यंत्राचं नाव वाचून थांबू नका.

हुपरी परिसरात चांदी तपासायची असेल तर प्रयोगशाळेला आधीच सांगा. हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडमुळे चांदी साका होऊन तळाशी बसू शकते आणि आकडा कमी येतो.

“आढळले नाही” म्हणजे शून्य ना?

नाही. त्या पद्धतीला दिसू शकेल त्या पातळीच्या खाली, एवढंच. ती पातळी अहवालात लिहिलेली नसेल तर मागून घ्या. तुमची मर्यादा एक असेल आणि पद्धतीला पाचच्या खालचं दिसतच नसेल, तर त्या तपासणीचा तुम्हाला काही उपयोग नाही.

क्रोमियमचे दोन आकडे का असतात?

तीन-संयुजी क्रोमियम मातीत नैसर्गिकरीत्या असतं आणि तुलनेने निरुपद्रवी आहे. सहा-संयुजी विषारी आहे, कर्करोगकारक आहे. क्रोम प्लेटिंगसारख्या कामांजवळ दुसरा आकडा वेगळा मागावा लागतो. त्यासाठीची माती वाळवू नका, ओलीच थंड ठेवा. वाळवताना एका प्रकाराचं रूपांतर दुसऱ्यात होऊ शकतं.

माती वाळवणं आणि दळणं आम्ही स्वतः केलं तर?

प्रशिक्षण नसेल तर प्रयोगशाळेवर सोडा. करायचंच असेल तर सावलीत किंवा चाळीस अंशांखाली, झाकलेल्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये. पितळी चाळणी नको, तिच्यातून तांबे आणि जस्त येतं. घरचा मिक्सर तर मुळीच नको.

एक आकडा बाकीच्यांपेक्षा भलताच मोठा आला. चूक समजून काढून टाकू?

कारण सापडल्याशिवाय काढू नका. फाउंड्रीच्या टाकाऊ वाळूत बाजरीच्या दाण्याएवढे लोखंडाचे गोळे असतात. तपासणीला अर्धा-एक ग्रॅम माती घेतात, त्यात असा एक गोळा आला तरी लोह, मंगल, क्रोमियम एकदम उसळतात. उरलेल्या मातीत पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा, गोळे चिकटून वर आले की कारण डोळ्यांना दिसतं. मग जास्त माती बारीक दळून पुन्हा तपासायला सांगा. दोन्ही आकडे अहवालात ठेवा, पहिला का बाजूला ठेवला ते लिहून. तसंच अशा वाळूत चिकटद्रव्यांमुळे फिनॉलही असू शकतं, फक्त धातू तपासून थांबू नये.

शिरोळच्या क्षारपड जमिनीची क्षारता दोन अहवालांत वेगवेगळी का दिसते?

माती आणि पाण्याचं प्रमाण वेगळं असेल. चार डेसिसायमन प्रति मीटर ही क्षारयुक्त जमिनीची रूढ सीमा संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या पाण्याची) आहे. एकास अडीच पाण्यात केलेली मोजणी त्याहून बरीच कमी येते, म्हणून त्या आकड्याला चारची फूटपट्टी लावू नका. जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) आहे का, हे ठरवायला विनिमययोग्य सोडियमचं प्रमाणही लागतं.

हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू मोजणारं) यंत्र किती विश्वासाचं?

जागेवर डाग हुडकायला फार उपयोगी. ओल्या मातीत आकडा कमी दाखवतं, आणि शिसं जास्त असेल तिथे आर्सेनिकचा आकडा फसवा येतो, कारण दोघांच्या क्ष-किरणांची ऊर्जा जवळपास एकच असते. काही नमुने प्रयोगशाळेत पाठवून ताडून पाहा.

टीसीएलपी चाचणी (मातीतून द्रवात किती विषारी घटक उतरतात ते पाहणारी) कधी करायची?

ती माती किंवा भराव उचलून कुठे टाकायचा, तो घातक कचऱ्यात मोडतो का, हे ठरवताना. या चाचणीत मातीच्या वीस पट द्रव घालून अठरा तास फिरवतात. त्यामुळे एकूण आकड्याला वीसने भागलं की जास्तीत जास्त किती उतरू शकेल ते आधीच कळतं. एकूण शिसं ८० मिलिग्रॅम प्रति किलो असेल तर जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम प्रति लिटर. २०१६ च्या घातक कचरा नियमांतली शिशाची मर्यादा ५ आहे, तेव्हा शिशासाठी ही चाचणी करण्याचा खर्च वाचला.

आम्ही स्वतः घेतलेला नमुना कायद्याने पुरावा होतो का?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ११ मध्ये नमुन्याची रीत दिली आहे. अधिकार असलेल्या व्यक्तीने जागेच्या ताबेदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, डब्यावर खूण करून सील करायचं, दोघांनी सह्या करायच्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे विनाविलंब पाठवायचा. गावकऱ्यांनी घेतलेला नमुना या कलमात बसत नाही. पण तो वायाही जात नाही. नकाशा, फोटो, जीपीएस, ताब्याची साखळी, डुप्लिकेट आणि तुलनेचे नमुने जोडलेली तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली, की अधिकाऱ्यांनी कुठे आणि किती खोल नमुने घ्यावेत याला आधार मिळतो. २०२५ साली केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही अधिसूचित केले आहेत, तेव्हा अशी नोंद आधीपासून तयार असलेली बरी.

अहवालाबरोबर प्रयोगशाळेकडून काय मागून घ्यावं?

ब्लँक, डुप्लिकेट, स्पाइक आणि संदर्भ मातीचे आकडे, शोधमर्यादा, माती विरघळवण्याची पद्धत, कोरडं की ओलं वजन, नमुना पोहोचल्याची आणि तपासल्याची तारीख, पोहोचतानाचं तापमान. हे काम देतानाच लेखी मागा. नंतर मागितलं तर बहुधा वेगळे पैसे पडतात.

उरलेली माती फेकून देतात का?

ठरावीक दिवसांनी देतात. म्हणून किती दिवस ठेवणार ते आधी विचारा आणि आकडा वादाचा होईल अशी शंका असेल तर लेखी मुदत वाढवून घ्या. धातूंसाठी वाळवून, सीलबंद करून ठेवलेली माती कित्येक महिन्यांनीही पुन्हा तपासता येते, पारा आणि सेंद्रिय रसायनांचं तसं नाही. शक्य असेल तर शेतातच प्रत्येक नमुन्याचा दुसरा भाग सील करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा.